लाईनवर सगळे होते

आमच्या काउंटीला यंदा शंभर वर्षं झाली म्हणून एक जाडजूड पुस्तक निघालं. त्यात कोर्टाच्या इमारतीचा फोटो आहे, पहिल्या रेल्वे इंजिनाचा आहे, जत्रेत बक्षीस मिळवणाऱ्या एका डुकराचाही आहे. ओढ्याच्या उत्तरेकडच्या नॉर्वेकरांना भरपूर पानं दिलीत, रुळांलगतच्या आयरिश लोकांना त्यांच्या खालोखाल. आजोबांच्या काळात जर्मनीहून इकडे अमेरिकेत आलेल्या आम्हा फ्रिसियन लोकांची बोळवण एका परिच्छेदात केलीय. म्हणे कष्टाळू, चहाबाज आणि पाणथळ जमिनीत चर खणून ती पिकाऊ करण्यात पटाईत. टेलिफोन कंपनीला मात्र अख्खं पान. ‘शेतकऱ्यांनी स्वतः खांब रोवले, स्वतः तारा ओढल्या आणि शेजाऱ्याला शेजाऱ्याशी जोडलं.’ खाली कंपनीचा अध्यक्ष वेंडेल टटल, मिशा पिळून बसलेला.

पुस्तक आणून दिलं माझ्या पुतणीने, हार्मिनाने. ती त्या समितीत आहे. “काकू, टेलिफोनचं पान वाचा हं, मस्त जमलंय,” म्हणाली. वाचलं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती ज्या दिवशी जन्मली त्या दिवसाबद्दल त्यात चकार शब्द नाही. पण तिला तरी काय बोलणार? मीच तिला ते कधी पुरतं सांगितलेलं नाही. आता माझं वय झालं, आणि टटलच्या मिशा बघून घेतल्यावर गप्प बसणं मला जमणार नाही.

तेव्हा लाईन म्हणजे एकच तार होती, आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या घरांना मिळून. घंटा मात्र प्रत्येकाची वेगळी. आमची दोन लांब, पलीकडच्या ताल्केमावशीची तीन छोट्या. एकच लांबलचक घंटा वाजली की समजायचं, कुणीतरी गावातल्या डेलाला बोलावतंय. डेला टेलिफोनच्या बोर्डावर बसायची आणि पुढचा फोन जोडून द्यायची. घंटा कुणाचीही असो, वाजायची सगळ्यांच्या घरी. मग हातातलं काम टाकून सगळ्यांचे रिसीव्हर कानाला. मीही ऐकायची, कबूल करते. कुणाची गाय व्याली, कुणाच्या पोरीचं लग्न फिसकटलं, हे कळायला दुसरं होतं काय? फक्त एक रीत होती, कुणी न शिकवता सगळ्यांनी पाळलेली. आपण ऐकतोय हे कळू द्यायचं नाही. श्वाससुद्धा जपून घ्यायचा. आणि बोलणारे दोघं ठेवेपर्यंत आपण ठेवायचा नाही, कारण ठेवताना खट् आवाज होतो आणि चोर सापडतो.

याची किंमत एकच होती. एका किटलीतला चहा जितक्या कपांत ओताल तितका प्रत्येकाला कमी मिळतो, तसा तो आवाज होता. जितके रिसीव्हर उचललेले, तितकं बोलणं बारीक. जवळच्याजवळ ठीक होतं. गावापर्यंत जाता जाता मात्र पार विरून जायचं.

हे सगळं एकोणीसशे अठरा सालातलं. लढाई जर्मनीशी चाललेली, आणि आम्ही घरात प्लाट बोलणारे, म्हणजे जर्मनीच्या किनाऱ्यावरून आजोबांनी सोबत आणलेली भाषा. उन्हाळ्याच्या तोंडावर गव्हर्नरचा हुकूम निघाला, की चारचौघांत, रेल्वेत, चर्चमध्ये आणि टेलिफोनवर इंग्रजीशिवाय दुसरी भाषा चालणार नाही. माझा धाकटा दीर हार्म तेव्हा अमेरिकेच्या फौजेत कवायत करत होता. इकडे त्याच्या बायकोला, माझ्या जावेला, स्वतःच्या आईशी फोनवर बोलायची बंदी झाली.

जाऊ म्हणजे इम्के. ओढ्यापलीकडच्या ताल्केमावशीची लेक, हसरी, आणि कामात जरा वेंधळी. हार्म फौजेत गेल्यापासून ती आमच्याकडेच, माझ्या आणि सासूबाईंच्या सोबतीला. तिच्या आईला इंग्रजी म्हणजे ‘हॅलो’ आणि ‘येस’, संपलं. ऑगस्टात मावशीने फोनवर लेकीला एवढंच सांगितलं, “काकडीच्या लोणच्यात शेपू जास्त घाल गं.” टटल लाईनवर होताच. देशभक्तीचं काम त्याने अंगावर घेतलं होतं, आणि आमच्या घंटेला तर तो डोळ्यांत तेल घालून बसायचा. दुसऱ्या दिवशी त्या म्हातारीला कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी केली, सगळ्यांदेखत झेंड्याचं चुंबन घ्यायला लावलं आणि ताकीद दिली, की पुन्हा हे झालं तर जे घर बोलेल त्याची तार कापू. मावशीने घरी येऊन टेलिफोनवर फडकं टाकलं.

पण मायलेकी त्यातूनही वाट काढणाऱ्या. रोज संध्याकाळी इम्के तीन छोट्या घंटा द्यायची. मावशी रिसीव्हर उचलायची. दोघी अवाक्षर बोलायच्या नाहीत. इम्के रिसीव्हर तसाच लोंबता ठेवून शेजारी भांडी घासायची, मुद्दाम जरा आपटत, गुणगुणत. आईला घराचा आवाज जायचा. थोड्या वेळाने हात पुसत म्हणायची, “बस झालं आता. आईच्या खांद्यात वात आहे, हात भरून येतो तिचा.” आणि ठेवायची. ऐकणारे वैतागायचे असतील. मेले काही बोलतच नाहीत!

ऑक्टोबरात इकडे फ्लू आला. ताल्केमावशीचा नवरा आणि मुलगा दोघंही अंथरुणाला खिळले, आणि त्यांच्या दारावर लाल पाटी लागली, आत जायचं नाही, बाहेर यायचं नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या धुराड्याचा धूर दिसायचा. इम्के तो बघून घ्यायची आणि म्हणायची, “पेटलंय. म्हणजे आई उभी आहे.”

इम्केला कळा सुरू झाल्या त्या दिवस भरायच्या बऱ्याच आधी. पावसाने रस्त्याचा नुसता चिखल झालेला. माझा नवरा हाबो सकाळीच घोडागाडी जुंपून डॉक्टर बर्डिकला आणायला निघाला, पण चाकं आसापर्यंत रुतत होती. डॉक्टरची वाट न बघता दुपारी बाळ झालं. सासूबाईंनी आणि मीच सोडवलं. मुलगी, मुठीएवढी, पण रडली खणखणीत. वारही पडली. आम्ही हुश्श करून चहा टाकला. तेवढ्यात सासूबाई आतून ओरडल्या, “फेना! इकडं ये. हे थांबंना गं.”

मी जाऊन पाहिलं. चादर लाल, खालची गादी लाल. इम्केचे ओठ पांढरे पडत चालले होते. आम्ही कापड लावलं, ते भिजलं. दुसरं लावलं, तेही भिजलं.

“घाबरू नका ना,” इम्केच आम्हाला म्हणाली. “पोरगी कुणासारखी दिसते?”

मी स्वयंपाकघरात धावले, भिंतीवरच्या फोनचं हँडल फिरवलं, एक लांब घंटा, आणि लगेच कानात सुरू झालं. खट्. खट्. खट्, खट्. सगळा रस्ता उचलत होता.

“डेला! डॉक्टर बर्डिक दे, लवकर!”

“कोण? मोठ्याने बोला हो!”

“यान्सेनांकडून! फेना!”

“काहीच ऐकू येत नाही. बाई, ओरडून बोला!”

डॉक्टर बर्डिक नशिबाने घरीच होता. पण त्याचा आवाज म्हणजे विहिरीच्या तळाशी कुणीतरी पुटपुटावं तसा, आणि माझा त्याच्यापर्यंत तेवढाही जात नव्हता.

“बाळ झालंय! रक्त थांबत नाहीये!”

“कोणाचं काय?”

“रक्त, डॉक्टर! इम्केचं! काय करू सांगा!”

“हॅलो? हॅलो, कुठून बोलताय?”

मी घसा फाडून ओरडत होते. आत बाळ रडत होतं, सासूबाई देवाचा धावा करत होत्या, आणि इम्के मधूनच कण्हत होती, अशी की ऐकवत नव्हतं. डेलाही मध्ये ओरडली, “लाईनवरचे सगळे ठेवा बघू! जरुरीचं काम आहे!”

“ठेवा हो!” मीही ओरडले. “हात जोडते, ठेवा सगळ्यांनी! बाई मरतेय इथे!”

एकानेही ठेवला नाही.

ते दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. म्हणावंसं फार वाटतं, पण खरं ते नाही. पुढे महिनाभर त्यांच्याच घरून माझ्या दाराशी रश्श्याची भांडी येत होती. पण पहिला खट् कोणी करायचा? जो आधी ठेवेल तो चोर ठरेल. म्हणून सगळे आपापल्या स्वयंपाकघरात रिसीव्हर छातीशी धरून उभे, दुसरा कुणीतरी ठेवेल याची वाट बघत. आणि आत माझ्या जावेचा जीव थेंबाथेंबाने जात होता.

मग माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं त्या लाईनवर मीही काढली होती. लोकांचे आवाज नाही ऐकले तरी त्यांची घरं मी कानाने ओळखत होते.

“गुनहिल्ड त्वेत!” मी म्हटलं. “तुझ्या भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतंय. ठेव!”

खट्.

“मिस्टर पेटीबोन, छातीतली शिट्टी इथपर्यंत येतेय तुमच्या. लाज वाटत असेल तर ठेवा. नोरा मल्व्हेनी, एक तर पिंजऱ्यावर कापड टाक, नाहीतर फोन ठेव. तुझा पक्षी गातोय आणि इथे माणूस मरतंय!”

खट्. खट्.

“आणि टामेनकाका, तुम्ही तर आपले! त्या पाइपचा फुरका थांबवा आणि ठेवा. रविवारी चर्चमध्ये शेजारी बसता ना माझ्या?”

एकेक खट् झाला की डॉक्टरचा आवाज हातभर वर यायचा. मी सुटलेच. ज्यांची ओळख पटली त्यांची नावं घेतली, ज्यांची नाही पटली त्यांची अंदाजाने घेतली, आणि अंदाजही बरोबर निघाले. शेवटी एक खुर्ची उरली. करकर, करकर.

“मिस्टर टटल, खुर्चीला तेल घाला आणि ठेवा.”

करकर थांबली. खट् काही झालं नाही. उलट घसा खाकरून तो बोललाच, “मी कंपनीचा अध्यक्ष आहे, बाई. लाईन नीट चालते की नाही हे बघणं माझं काम आहे.”

“मग चालू द्या ना! तुम्ही ठेवल्याशिवाय कशी चालेल?”

खट्.

“डॉक्टर, ऐकू येतंय?”

“तुटक तुटक. यान्सेन ना? रक्त म्हणालात? किती? वार...” आणि पुढचे शब्द पुन्हा बुडाले.

अजून कोणीतरी होतं. मी श्वास रोखून ऐकलं. ना घड्याळ, ना पक्षी, ना शिट्टी. तेवढ्यात आतून इम्के मोठ्याने कण्हली, आणि त्याबरोबर कानात अगदी हळू आलं, “श्श... श्श... श्श...” आधी वाटलं, तारेवरचा वारा. इम्के पुन्हा कण्हली. पुन्हा तेच. “श्श... श्श...”

तापलेल्या लेकराच्या पाठीवर हात फिरवताना आई काढते ना, तो आवाज. त्याला भाषा नसते. ना इंग्रजी, ना प्लाट. गव्हर्नरच्या हुकुमात तो बसत नव्हता, म्हणून तेवढाच तिला काढता येत होता.

ताल्केमावशी. लेकीचं कण्हणं ती पहिल्यापासून ऐकत होती. येऊ शकत नव्हती. दारावरच्या पाटीला तिने जुमानलं नसतं, पण बाळंतिणीच्या खोलीत फ्लू घेऊन कसं यायचं? माझं इंग्रजीतलं ‘ठेवा, ठेवा’ तिला कळतच नव्हतं. ती आपल्या परीने लेकीला थोपटत होती, आणि त्या थोपटण्यानेच डॉक्टरचा आवाज बुडत होता.

इंग्रजीत सांगून उपयोग नव्हता. आणि तारेचं काय होईल ते मला ठाऊक होतं. मी प्लाटमध्ये बोलले.

“मावशी, मी फेना. ठेव गं. तू ठेवल्याशिवाय डॉक्टरला माझं ऐकू जात नाही.”

पलीकडे हुंदका दाबल्यासारखं झालं. मग इतक्या महिन्यांनी तिचा आवाज फुटला, “जिवंत हाय ना गं माझी पोर?”

“आहे. मुलगी झाली तिला. मावशी, ठेव.”

“एकदा तिला माझा आवाज ऐकू दे. एकदाच. घाबरली असंल ती. मी काय जास्ती नाय बोलणार.”

खट् झालं, उचलल्याचं. खुर्ची करकरली. टटल परत आला होता.

फोन भिंतीवर ठोकलेला, इम्केचा पलंग आतल्या खोलीत. दोर पोचणार नव्हता. पोचला असता तरी वेळ कुठे होता? एक तर आईचा आवाज, नाहीतर डॉक्टरचा. निवड मला करायची होती, आणि ती करायला मला कुणीही वेळ दिला नव्हता.

“नंतर, मावशी. आधी डॉक्टर. मी फोन करते तुला, शब्द देते. आता ठेव.”

“नक्की करशील ना?”

“नक्की.”

तिने ठेवला. इतका हळू, की खट्सुद्धा धड झालं नाही. पाठोपाठ टटलनेही आदळला. त्याला घाई होती. कशाची, ते मला नंतर कळलं.

आणि लाईन एकदम स्वच्छ झाली. डॉक्टर माझ्या शेजारी उभा राहून बोलतोय असं वाटलं. बेंबीखाली पोट हाताने जोरात चोळा, दुखलं तरी थांबू नका. बाळ छातीला लावा. पलंगाची पायाकडची बाजू विटा लावून उंच करा. “तुमचा नवरा आत्ताच दारात येऊन उभा राहिलाय,” तो म्हणाला. “आम्ही निघतो. पण रस्ता कसा आहे ते तुम्हाला माहीतच आहे.”

मी आत धावले. सासूबाईंची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, तरी त्या चोळायला लागल्या, त्या दमल्या की मी. बाळ छातीला लावलं. चुलीच्या मागच्या विटा काढून पलंगाखाली सरकवल्या. आणि रक्त कमी झालं. खरंच झालं. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे.

इम्केने डोळे उघडले. “फेना, तू आत्ता आपल्या भाषेत बोललीस. फोनवर. आई होती ना?”

“होती.”

“दे ना मला तिला.”

“दोर पोचत नाही गं.”

“मग तू विचार. विचार आणि सांग मला ती काय म्हणते.”

मी शब्द दिला होता. स्वयंपाकघरात आले, हँडल धरलं, तीन छोट्या घंटा द्यायला फिरवलं. ते हलकं फिरलं. ज्याने तो फोन वापरलाय त्यालाच कळेल हे. तार शाबूत असेल तर हँडलला जड लागतं, पलीकडे कुणीतरी धरून ठेवल्यासारखं. हे नुसतं गरगर फिरलं.

खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. आमच्या घराकडे वळणाऱ्या वाटेच्या कोपऱ्यावरच्या खांबावरून रेनकोट घातलेला एक माणूस पक्कड खिशात घालत खाली उतरत होता. टटल. गड्याला पाठवलं नव्हतं, एवढ्या पावसात जातीने आला होता. तेवढं श्रेय त्याला देते.

मी रिसीव्हर कानाला लावला. काही नाही. आतून इम्के म्हणाली, “लागला का?”

“लागला,” मी म्हटलं.

मेलेल्या फोनमध्ये मी मोठ्याने बोलले, “हॅलो मावशी, मी फेना. इम्के विचारतेय.” मग थांबले, कुणी बोलतंय असं ऐकत राहिले. भिंतीकडे तोंड होतं म्हणून बरं, डोळे कुणाला दिसत नव्हते.

“काय म्हणते?” इम्के.

“म्हणते, बाबा आणि भाऊ दोघांचाही ताप उतरलाय. आज रश्श्याला हात लावला.” मला काय ठाऊक, ते जगले होते की मेले होते?

“अजून?”

“विचारते, पोरगी कुणासारखी आहे.”

“सांग, हार्मचं नाक आहे. बिचारी.”

मी सांगितलं. हसल्यासारखं केलं. “ती म्हणते, नाक बदलतं.”

असं किती वेळ चाललं कोण जाणे. सासूबाई चोळत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांचे गाल भिजलेले, पण हात थांबला नाही. मग त्यांनी हळूच मान हलवली. मी वळून पाहिलं. विटांच्या बाजूने चादर पुन्हा लाल होत होती.

“फेना,” इम्के म्हणाली. तिचा आवाज आता फोनवरच्यापेक्षा बारीक झाला होता. “आई आहे अजून?”

“आहे.”

“बोलत का नाही?”

मी नुसतं “श्श... श्श...” करायला लागले. फोन लोंबत सोडला, आत गेले, तिच्या डोक्याशी बसले आणि करत राहिले. “ऐकतेस ना? तीच आहे.”

इम्केने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाली, “तिला म्हणावं, आता ठेव. हात दुखत असेल तिचा.”

त्यानंतर ती बोलली नाही.

डॉक्टर आणि हाबो आले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले होते. डॉक्टरने तिचं मनगट धरलं, सोडलं. “केलंत ते बरोबर केलंत,” मला म्हणाला. “पण रक्त आधीच फार गेलं होतं.”

“आधी म्हणजे केव्हा?” मी विचारलं. “सगळे ऐकत होते तेव्हा?”

त्याने बॅग बंद केली.

पुरलं तेव्हा मोजकीच माणसं होती, फ्लूमुळे. मावशीला येता आलं नाही. त्यानंतर एकदा गुनहिल्ड त्वेत केक घेऊन आली. दारातच उभी राहिली, वर बघेना. “फेना, एक सांगायचंय,” म्हणाली. “त्या संध्याकाळी, तुझा फोन झाल्यावर, ताल्केने उचलला होता. घंटा नाही, काही नाही. दिवेलागणीपासून बोलत होती. इम्के, इम्के म्हणत होती. बाकी मला काही कळलं नाही. तुमच्या भाषेत.”

“तू ऐकत होतीस.”

“सगळेच होतो. तुमची तार कापलीय हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं गं. आम्हाला वाटलं, इम्के ऐकतेय. कुणी हललं नाही. टटलसुद्धा होता. त्याची खुर्ची वाजली नाही.”

मी केक घेतला आणि दार लावून घेतलं. आधी ठेवा म्हटलं तर ठेवला नाही, आणि जिच्याशी बोलणं चाललं होतं ती सोडून सगळ्यांनी ऐकलं. मावशीच्या त्या रात्रीच्या प्लाटबद्दल टटलने कुणाकडे तक्रार केली नाही म्हणतात. त्याबद्दल मी त्याला माफ करावं असं चर्चमध्ये मला सुचवण्यात आलं. मी नाही केलं. आमच्या घराची तार त्याने पुढे जोडून दिली. त्या पुस्तकात हेही नाही.

दारावरची लाल पाटी निघाल्या दिवशी ताल्केमावशी शेतातून, चर ओलांडत, चालत आली. नवरा वाचला होता, मुलगाही. तिने बाळ मांडीवर घेतलं. मी चहा केला, कपात खडीसाखर टाकली, वरून चहा ओतला, साय सोडली. तिने कप हातात घेतला नाही.

“मी वाट बघितली गं तुझ्या घंटीची,” ती म्हणाली. “मग म्हटलं, तुझे हात गुंतले असतील. मीच उचलला. सगळं बोलले तिच्याशी. लहानपणचं, तिच्या बदकांचं, हार्मच्या नाकाचं... कोण पकडायचं ते पकडू दे म्हटलं.” मग तिने माझ्याकडे पाहिलं. “ऐकलं ना तिनं?”

मी फोनवर तिच्या नावाने काय काय बोलले होते ते आठवलं. बदकं त्यात नव्हती. तिच्या बोलण्यातलं जवळजवळ काहीच त्यात नव्हतं, फक्त एक नाक आणि तो श्श-श्श.

“ऐकलं, मावशी.”

“मग? बोलली काय?”

हे मात्र मला रचावं लागलं नाही.

“म्हणाली, आईला म्हणावं, आता ठेव. हात दुखत असेल तिचा.”

ताल्केमावशीने डाव्या हाताने उजवा खांदा धरला, जरा दाबला, आणि मान हलवली.

“दुखत होता,” ती म्हणाली. “पण मी ठेवला नव्हता.”